जुहूच्या कब्रस्तानात जाताना : नामवंतांच्या विसाव्याच्या जागा कशा शोधाव्यात

मोहम्मद रफी, मधुबाला, साहिर लुधियानवी, नौशाद, तलत महमूद आणि दिलीपकुमार ही नावे एका दमात घेतली, तर आपल्या घरातल्या रेडिओने जे काही ऐकवले त्याचा मोठा वाटा त्यांत येऊन जातो. ही सगळी माणसे सांताक्रूझ पश्चिमेला, जुहूच्या अंगाला असलेल्या एकाच मुस्लिम कब्रस्तानात सुपुर्द-ए-खाक झालेली आहेत. श्रद्धेने तिथे गेलेले कितीतरी रसिक मात्र हिरमुसले होऊन परततात, कारण मनात धरलेली संगमरवरी कबर त्यांना कुठेच दिसत नाही. पूर्वतयारी नीट केली आणि काय शोधायचे हे आधी ठरवले, तर ही भेट वाया जात नाही. ती तयारी कशी करावी, तिथे कसे वागावे आणि जे पाहिले ते कसे टिपून ठेवावे, हे इथे सांगितले आहे.

सगळ्यांत आधी 2010 सालची घटना माहीत असायला हवी. त्या वर्षी नव्या दफनांसाठी जागा मोकळी करताना तिथल्या अनेक पक्क्या कबरी काढून टाकण्यात आल्या आणि त्यांत रफी, मधुबाला, साहिर यांच्याही कबरी गेल्या. मधुबालेच्या कबरीवर कोरीव काम केलेला संगमरवर होता, त्यावर कुराणातल्या आयती होत्या. जुन्या छायाचित्रांत तो दिसतो आणि आजही इंटरनेटवर तीच छायाचित्रे फिरत असल्यामुळे नव्याने जाणाऱ्याची फसगत होते. म्हणून पहिला नियम असा की, आपण दगड शोधायला जात नसून जागा शोधायला जात आहोत, हे मनाशी पक्के करावे.

ही गोष्ट अनादराने घडली, असे समजून तिथल्या माणसांशी वाद घालायला जाऊ नये. आपल्याकडे संतांची समाधी म्हटली की चौथरा, पादुका, दीपमाळ असे चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. मुस्लिम समाजात सुफी संतांचे दर्गे सोडले, तर सर्वसाधारण माणसाची कबर कच्ची असावी, म्हणजे मातीचा उंचवटा एवढीच असावी, असे मानणारे पुष्कळ आहेत, आणि कबरीवर बांधकाम करणे अनेक धर्मपंडितांना मान्य नाही. त्यात मुंबईत जमिनीची चणचण. एक पक्की कबर कायमची ठेवली, की तेवढी जागा दुसऱ्या कुणाच्या मृतदेहासाठी कधीच मिळत नाही, आणि कब्रस्तान हे मुळात आसपासच्या वस्त्यांतल्या हजारो सामान्य कुटुंबांसाठी असते. म्हणून ठरावीक काळ लोटल्यावर तीच जमीन पुन्हा वापरात घेण्याचा रिवाज शहरातल्या बहुतेक कब्रस्तानांत आहे. माझ्या मते, प्रवेशद्वारापाशी इथे विसावलेल्या कलावंतांची नावे आणि तारखा लिहिलेला एक साधा फलक लावला गेला, तर एक इंचही जमीन न अडवता त्यांची आठवण राहील. आज मात्र हे काम भेट देणाऱ्यालाच करावे लागते.

कोण इथे आहे आणि कोण नाही

घरातून निघण्यापूर्वी एक यादी हाताने लिहून काढावी, आणि तीत प्रत्येकाचे प्रसिद्ध नाव, मूळ नाव आणि मृत्यूची तारीख असे तीन रकाने ठेवावेत. मूळ नाव अशासाठी, की कब्रस्तानाच्या नोंदीत किंवा जुन्या माणसांच्या बोलण्यात पडद्यावरचे नाव असेलच असे नाही. दिलीपकुमार म्हणजे युसूफ खान, मधुबाला म्हणजे मुमताज जहाँ बेगम देहलवी, साहिर म्हणजे अब्दुल हयी. तारीख अशासाठी, की दफन बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी होते आणि कचेरीत विचारपूस करायची झाल्यास तारखेवाचून काहीही हाती लागत नाही. रफींचे निधन 31 जुलै 1980 च्या रात्री झाले. दफन 1 ऑगस्टला, मुसळधार पावसात आणि अफाट गर्दीत झाले. नोंद शोधताना एका दिवसाचा हा फरक लक्षात ठेवावा लागतो.

यादी साधारण अशी होईल. मधुबाला 23 फेब्रुवारी 1969 रोजी, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, जन्मापासूनच्या हृदयविकाराने गेली. कवी जाँ निसार अख्तर 19 ऑगस्ट 1976 रोजी गेले. 1980 मध्ये तीन महिन्यांच्या आत रफी आणि साहिर गेले. साहिर यांची तारीख 25 ऑक्टोबर. पत्रकार, कथाकार आणि राज कपूरच्या अनेक चित्रपटांचे पटकथालेखक ख्वाजा अहमद अब्बास 1 जून 1987 रोजी, तलत महमूद 9 मे 1998 रोजी, ज्ञानपीठ पुरस्काराने गौरवलेले कवी अली सरदार जाफरी 1 ऑगस्ट 2000 रोजी, परवीन बाबी जानेवारी 2005 मध्ये, नौशाद 5 मे 2006 रोजी आणि दिलीपकुमार 7 जुलै 2021 रोजी गेले. दिलीपकुमारांचे दफन त्याच दिवशी शासकीय इतमामात झाले.

या यादीकडे थोडा वेळ नुसते पाहत बसावे, इतकी ती बोलकी आहे. 1960 साली आलेल्या 'मुगल-ए-आझम'चा नायक, नायिका, संगीतकार आणि त्यातल्या बंडाच्या गाण्याला आवाज देणारा गायक असे चौघे एका भिंतीच्या आत आहेत. दुसरीकडे, अब्बास, जाफरी, जाँ निसार आणि साहिर हे चौघेही प्रगतिशील लेखक चळवळीतले. आकाशवाणीवर गाण्यासोबत गीतकाराचेही नाव सांगितले जावे म्हणून आग्रह धरणारे साहिरच. तरीही तिथे येणाऱ्यांपैकी बहुतेक जण रफी आणि मधुबाला एवढेच विचारून निघून जातात, याची मला मनापासून खंत वाटते. आपण जाल तेव्हा कवींसाठी थोडा वेळ राखून ठेवावा, आणि जमल्यास त्यांची एखादी नज्म आदल्या रात्री वाचून जावे.

मराठी वाचकाला जवळचे वाटतील असे धागेही इथे आहेत. रफींनी श्रीकांत ठाकरे यांच्या संगीतात गायलेली मराठी गीते आपल्या ओठांवर आहेत. पेशावरच्या फळव्यापाऱ्याच्या घरातले दिलीपकुमार शाळेत शिकले ते नाशिकजवळच्या देवळालीत, पुढे काही काळ त्यांनी पुण्यात लष्कराच्या कॅन्टीनमध्ये काम केले, आणि चित्रपटात आले ते मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून.

कोण इथे नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे, कारण नावांची सरमिसळ फार होते. नर्गिस, तिची आई जद्दनबाई, दिग्दर्शक मेहबूब खान आणि सुरैया हे मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात आहेत. मीनाकुमारी आणि कमाल अमरोही माझगावच्या रहमताबाद कब्रस्तानात शेजारी शेजारी आहेत. इरफान खान वर्सोव्याला आहे. 29 एप्रिल 2020 रोजी टाळेबंदीमुळे मोजक्याच माणसांच्या उपस्थितीत त्याला मूठमाती दिली गेली. इस्मत चुगताई यांची कबर कुठेच मिळणार नाही, कारण 1991 मध्ये त्यांच्या इच्छेनुसार चंदनवाडीला त्यांचे दहन झाले. नावावरून किंवा धर्मावरून अंदाज बांधून चालत नाही, प्रत्येक नाव वेगळे तपासावे लागते.

केव्हा आणि कसे जावे

पश्चिम रेल्वेने सांताक्रूझला उतरून पश्चिमेला बाहेर पडावे आणि रिक्षावाल्याला 'जुहू कब्रस्तान' सांगावे, एवढे पुरते.

ऋतूचा विचार मात्र नीट करावा. वरच्या तारखा पुन्हा पाहिल्या, तर त्यांतल्या बहुतेक मे ते ऑगस्ट या काळात, म्हणजे भाजणाऱ्या उन्हात किंवा कोसळत्या पावसात येतात. पुण्यतिथीलाच जायचे असेल, तर घोट्यापर्यंत चिखलाची तयारी ठेवून, न घसरणाऱ्या चपला घालून जावे; पावसाळ्यात उंच गवत माजते आणि कच्च्या कबरींचे उंचवटे त्याखाली झाकले जातात, त्यामुळे नकळत कबरीवर पाय पडण्याची भीती असते. तारखेचा आग्रह नसेल, तर डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. रफींचा जन्मदिवस 24 डिसेंबरला, नौशाद यांचा लगेच दुसऱ्या दिवशी, 25 डिसेंबरला येतो. त्या दोन दिवसांत गेले, तर हवाही चांगली असते आणि सोबतीला इतर रसिकही भेटण्याचा संभव असतो.

शुक्रवारी दुपारी जुम्याच्या नमाजच्या सुमारास जाणे टाळावे. शब-ए-बरातच्या रात्री घरोघरची माणसे आपल्या पूर्वजांच्या कबरींवर येतात, दिवे-उदबत्त्या लावतात, फातिहा पढतात; ती रात्र त्यांची असते, आपल्या शोधाची नव्हे.

दारापाशी

आत शिरण्यापूर्वी रखवालदाराला किंवा कचेरीत बसलेल्या माणसाला सलाम करून, कुठून आलो आणि कशासाठी आलो, हे मोकळेपणाने सांगावे. परवानगी मागितल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि न विचारता कॅमेरा काढल्यावर मिळणारा प्रतिसाद यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. स्त्रियांनी कब्रस्तानात आत न जाण्याचा रिवाज अनेक ठिकाणी पाळला जातो. सोबत बाई-माणूस असेल, तर हे दारापाशीच विचारून घ्यावे आणि नकार मिळाला तर तो शांतपणे मानावा. डोक्यावर रुमाल किंवा टोपी असणे चांगले. मोबाइल मूक ठेवावा, आणि आवडते गाणे वाजवून श्रद्धांजली वाहण्याचा मोह, कितीही मनापासूनचा असला, तरी आवरावा. शेजारच्या कबरीवर कुणाची तरी आई कालच पुरलेली असू शकते. जनाजा येताना दिसला, तर वाट सोडून बाजूला उभे राहावे आणि दफन आटोपेपर्यंत छायाचित्रण पूर्ण थांबवावे.

फुले न्यायची असल्यास सुट्या गुलाबपाकळ्या न्याव्यात, प्लॅस्टिकची पिशवी परत आणावी. चादर चढवणे, नारळ फोडणे, हळद-कुंकू वाहणे यांतले काहीही करू नये. वाट दाखवणाऱ्याला चहापाण्याला काही द्यावेसे वाटले तर द्यावे. कब्रस्तानाला देणगी द्यायची असेल, तर ती कचेरीत पावती घेऊनच द्यावी.

जागा ओळखताना

रफींची जागा शोधण्याची खूण त्यांच्या चाहत्यांनीच जपली आहे. त्यांच्या कबरीच्या सर्वांत जवळ असलेले नारळाचे झाड ही ती खूण. कबर गेल्यानंतरही जन्मदिनी आणि पुण्यतिथीला येणारे चाहते त्या झाडाच्या आधाराने उभे राहतात. पण आत नारळाचे झाड दिसले, की हेच ते, असे ठरवून टाकू नये. तिथल्या जुन्या माणसाला दाखवायला सांगावे. कबरी खोदणारे गोरकन हे या बाबतीत सर्वांत विश्वासू जाणकार असतात, कारण कोणत्या रांगेत केव्हा माती उचलली गेली, हे त्यांच्या हातांना ठाऊक असते. एकाने दाखवलेली जागा दुसऱ्याकडून, पहिल्याचे नाव न घेता, पुन्हा विचारून पडताळावी. दोघांचे बोट एकाच दिशेला गेले तर उत्तम, आणि न गेले तर दोन्ही जागांच्या मध्ये उभे राहून नमस्कार केला तरी काही बिघडत नाही.

दिशांचे ज्ञान इथे फार उपयोगी पडते. मुंबईहून मक्का पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे झुकून आहे. मृताचा चेहरा तिकडे करायचा असल्यामुळे शहरातल्या मुस्लिम कबरी उत्तर-दक्षिण असतात, डोके उत्तरेला आणि पाय दक्षिणेला. एवढे कळले, की मातीच्या साध्या उंचवट्याचेही डोके कुठले आणि पायथा कुठला, हे ओळखता येते आणि पायथ्याच्या बाजूने चालत जाता येते. कबर ओलांडून जाऊ नये, तिच्या कडेवर बसू नये, टेकून उभे राहू नये.

दगड वाचताना

जुहूला जे दगड उरले असतील ते, आणि मरीन लाइन्स किंवा माझगावला गेल्यास तिथले जुने दगड, बहुधा उर्दूत असतात. उर्दू येत नसली, तरी थोड्या सरावाने नाव आणि साल एवढे नक्की वाचता येते, आणि शोधासाठी तेवढेच लागते. आधी आकडे शिकावेत. उर्दूतला एक म्हणजे उभी रेघ, सात हा खाली टोक असलेला कोन, आठ हा तोच कोन उलटा केलेला, पाच हा बदामासारखा आणि शून्य म्हणजे फक्त एक ठिपका. लिपी उजवीकडून डावीकडे जात असली, तरी संख्या आपल्यासारखीच डावीकडून उजवीकडे वाचायची. सालाच्या खाली बहुतेक वेळा एक लांब ओढलेली रेघ असते; मजकुराच्या गर्दीत आधी ती रेघ शोधावी, म्हणजे वरचे चार आकडे आपोआप सापडतात.

घोटाळा होतो तो शून्यापाशी. कोरलेला ठिपका शेवाळाने किंवा चुन्याच्या थराने बुजतो आणि साल भलतेच वाचले जाते. याचे चांगले उदाहरण म्हणजे हिजरी, म्हणजे इस्लामी कालगणनेतले, 1400 साल. रफी गेले तो रमजान महिना होता आणि साल हिजरी 1400. साहिर गेले तेव्हाही तेच हिजरी साल चालू होते. असे साल दगडावर असेल, तर त्यात एक रेघ, एक चार आणि दोन ठिपके एवढेच असते. ते दोन ठिपके पुसले गेले, की हाती काहीच उरत नाही. म्हणून आकड्यांच्या उजवीकडची मोकळी वाटणारी जागाही बोटाच्या टोकाने हलकेच चाचपून पाहावी. हिजरी आणि इसवी यांतला फरक साध्या वजाबाकीने काढू नये. हिजरी वर्ष चांद्र असल्यामुळे सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, आणि दोन सनांमधले अंतर त्यामुळे सतत बदलत जाते. घरी आल्यावर रूपांतराचा तक्ता पाहूनच तारीख नक्की करावी.

मजकुरातले काही शब्द पुन्हा पुन्हा भेटतात. मरहूम किंवा मरहूमा म्हणजे दिवंगत, वल्द किंवा बिन म्हणजे अमुक याचा मुलगा, बिन्त म्हणजे मुलगी, जौजा म्हणजे पत्नी, वफात म्हणजे मृत्यू. वरच्या बाजूला 786 हा आकडा किंवा 'प्रत्येक जीव मृत्यूची चव घेणारच' या अर्थाची आयत असते. तिथे नाव शोधत बसू नये, नाव तिच्या खाली असते.

अक्षरे पुसट असतील, तर त्यांवर खडू घासणे, लिंबू चोळणे, तारेच्या ब्रशने खरवडणे असले उपाय कटाक्षाने टाळावेत. संगमरवर हा चुनखडीचाच प्रकार असल्याने आंबट पदार्थाने त्याचा वरचा थर झिजतो आणि उरलीसुरली अक्षरेही जातात. मोबाइलचा टॉर्च दगडाच्या अगदी कडेला, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरावा. तिरपा प्रकाश पडला, की कोरलेल्या खाचांत सावली भरते आणि समोरून न दिसणारे अक्षर उठून दिसते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलंडलेला असतो, तेव्हा सकाळचे ऊन हेच काम करते. तेही जमले नाही, तर स्वच्छ पाण्याचा हलका शिपका मारून दगड सुकताना पाहावा. खाचा उशिरा सुकतात आणि तेवढ्या अवधीत अक्षरे काळसर दिसतात. पण इतरांच्या कुटुंबाच्या दगडावर हा प्रयोग परवानगीवाचून करू नये.

टिपून ठेवताना

कब्रस्तानातली जमीन पुन्हा वापरात येत असल्यामुळे आज दिसलेली खूण पाच वर्षांनी असेलच असे नाही. म्हणून भेटीची नोंद त्याच दिवशी, तारीख घालून करावी. जागेचे वर्णन शेजारच्या कबरीवरून करू नये, कारण ती कबरही जाऊ शकते. प्रवेशद्वार, नमाजाची जागा, पाण्याची टाकी, कुंपणाची भिंत अशा टिकाऊ गोष्टींपासून पावलांनी अंतर मोजून लिहावे. छायाचित्र एक जवळून आणि एक लांबून, भिंत किंवा झाड दिसेल असे घ्यावे, आणि त्यात इतर कुटुंबांच्या ताज्या कबरींवरची नावे किंवा शोक करणारी माणसे येणार नाहीत, याची काळजी घ्यावी. ही माहिती इंटरनेटवरच्या नकाशावर टाकायची झाली, तर कुणी दाखवले, किती जणांनी दुजोरा दिला आणि तिथे प्रत्यक्ष दगड आहे की नुसती मोकळी माती, हे तीन मुद्दे लिहावेत. 2010 पूर्वीचे छायाचित्र जोडायचे असेल, तर ते जुने आहे, हे ठळक लिहावे. आणि एखाद्या नावाच्या जागेबद्दल दोन माणसांचे एकमत झाले नसेल, तर नेमके ठिकाण न देता 'याच कब्रस्तानात दफन' एवढेच नोंदवावे.